कोतोमध्ये मांडलेलं ताट

रेवा, ईशान,

जपान कसं वाटलं, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत आणि मी "स्वच्छ आहे" एवढंच सांगून तुमच्या आईला बोलावून घेतलं. ते उत्तर अपुरं होतं. खरं सांगायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि फोनवर ओरडणं मला आवडत नाही. आता पुण्याला येऊन बॅगा माळ्यावर गेल्या, कपडे कपाटात गेले, म्हणून क्रमाने लिहायला बसले. राग ओसरला असेल असा माझा समज होता. ओसरलेला नाही. तुम्हाला तो वाचावा लागेल.

चेरीची फुलं यात नाहीत. मी नोव्हेंबरात गेले होते. फुजी पर्वत एकदाच दिसला, तोही अजयमामाच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालताना, दोन उंच इमारतींच्या फटीतून. सुंदर होता. हातातला टॉवेल पिळेपर्यंत ढगात गेला.

मी गेले होते नाटक पाहायला. तिथल्या मराठी मंडळाने तुमच्या आजोबांचं 'तिसऱ्या मजल्यावरचा दिवा' बसवायला घेतलं होतं. अजयमामा मंडळाचा सेक्रेटरी आणि मानसीमामी नायिका. "आई, बाबांचं नाटक परदेशात होतंय, तू यायलाच हवंस," असं म्हणून त्याने तिकीट पाठवलं. आजोबांना तुम्ही पाहिलेलं नाही. त्यांचं जे थोडं मागे उरलं आहे त्यात हे नाटक आहे, म्हणून ते काय आहे हे आधी सांगते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही मुंबईत, पार्ल्याला राहायचो. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. अंधार पडला की ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि भोंगा झाला की उरलंसुरलंही बंद. माझा दादा, विनायक, सैन्यात होता आणि पश्चिम सीमेवर गेला होता. माझी आई रोज संध्याकाळी त्याचं ताट मांडायची. पाट, ताट, वाटी, पाण्याचं भांडं. सगळं वाढायची आणि शेवटी ते अन्न स्वतः जेवायची. त्यावर घरात कोणी काही बोलत नसे.

एका संध्याकाळी मी मेणबत्ती लावून अभ्यास करत होते. खालून शिट्टी वाजली. "तिसरा मजला! दिवा!" मी खिडकी उघडून ओरडले, "दिवा नाहीये, मेणबत्ती आहे!" तो वॉर्डन तरातरा जिना चढून वर आला. शेजारच्या इमारतीतला, बँकेत कारकून, डोक्याला दोन बोटं मोठं होणारं हेल्मेट. त्याने मेणबत्ती फुंकली आणि काळ्याकुट्ट अंधारात आमचं कडाक्याचं भांडण झालं. मध्येच आईने विचारलं, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "नाही." "मग बस." तो चाचपडत गेला, बसला, जेवायलाही लागला. वाटीच्या आवाजावरून मला कळलं की तो कुठे बसलाय. मी किंचाळले, "ते दादाचं ताट आहे!"

आई म्हणाली, "जेवू दे त्याला. गरम आहे तोवर कुणीतरी जेवलं पाहिजे."

तो वॉर्डन म्हणजे तुमचे आजोबा. दादा परत आला नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी आजोबांनी हे नाटक लिहिलं. विनोदी आहे. अंधारात भांडणारे, एकमेकांचं तोंडही न पाहता प्रेमात पडणारे दोघं. लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसतात, फक्त त्या ताटापाशी थांबतात. आजोबा म्हणायचे, "तिथे थांबले नाहीत तर बाकीचं हसणं फुकट."

एवढं लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर चला.

कोतो

तोक्योच्या या भागात इतकी आपली माणसं आहेत की स्टेशनाबाहेर "अगं, कोथिंबीर मिळाली का?" असं शुद्ध पुणेरी ऐकू येतं. इमारती उंच, मध्ये सरळ कालवे, कालव्याकाठी सायकली. एकेका सायकलीवर आई, पुढे एक मूल, मागे एक मूल, आणि तरी घंटी वाजवत नाहीत. आपल्याकडे रिकामी सायकलही घंटी वाजवत जाते.

पहिल्या दिवशी पाच वाजता मी गॅलरीत होते आणि खांबावरच्या कर्ण्यातून एकाएकी आवाज सुरू झाला. माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. इतकी वर्षं झाली तरी. ती मुलांना घरी बोलावणारी धून होती, रोज वाजते. तुमची मामेबहीण ईरा हसत जपानीत काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, "आजी, संध्याकाळ झाली, एवढंच."

केराचं प्रकरण वेगळंच. दह्याच्या डब्याचं झाकण मी चुकीच्या पिशवीत टाकलं तर मानसीमामीने ते बाहेर काढून धुतलं, पुसलं आणि दुसऱ्या पिशवीत ठेवलं. मला ही पद्धत आवडली. टाकायच्या वस्तूचाही विचार करायचा. म्हणूनच पुढे जे पाहिलं त्याचा मला जास्त संताप आला. प्लास्टिकच्या झाकणाला जेवढा विचार मिळतो, तेवढा माझ्या भावाला मिळाला नव्हता.

तालीम

दिवाळी होऊन गेल्यावर दिवाळीचा कार्यक्रम होता, कारण तिथे सभागृह सोडतीत मिळतं आणि मंडळाला मिळालेली तारीख तीच. तालीम शनिवारी, वस्तीच्या सामाजिक केंद्रातल्या एका खोलीत. बूट बाहेर, मोजे आत. नाटक बसवणारा आणि नायकाचं काम करणारा निखिल, कोथरूडचा, कावासाकीच्या एका कंपनीत इंजिनिअर. हुशार, हसतमुख, वाकून नमस्कार करणारा. भिंतीवर पडदा, पडद्यावर संहिता, वर लिहिलेलं: व्हर्जन सहा.

दिवे मंद झाले. मानसीमामी पुढे आली आणि म्हणाली, "अगं बाई, आलं वाटतं चक्रीवादळ! गेली लाईट!"

मी अजयकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये पाहू लागला.

पुढे निखिल शिरला. वॉर्डन नव्हे, सोसायटीचा सेक्रेटरी. हातात टॉर्च, तोंडी मोबाईलच्या बॅटरीवर विनोद. लोक खिदळले. मग दोघांचं भांडण, मग एक हिंदी गाण्यावर नाच. आई नाही. ताट नाही.

मी शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. वर्ग चालू असताना मध्ये बोलायचं नाही हा माझा नियम. तो मी मोडला.

"निखिल, युद्ध कुठे गेलं?"

"काकू, ते जरा ॲडजस्ट केलंय. इथल्या मुलांना टायफून रिलेट होतो."

"आणि दादा?"

"कोण दादा?"

खरंच विचारत होता तो. त्याने मूळ नाटक वाचलंच नव्हतं.

"अच्छा, ते ताट वगैरे! ते जुन्या व्हर्जनमध्ये होतं ना? मी जॉइन झालो तेव्हा ते स्कोपच्या बाहेर गेलेलं. शिवाय आईचं काम करणाऱ्या ताई पुण्याला परत गेल्या."

"कुणी बाहेर काढलं?"

कुणीच नाही. मी एकेकाला विचारलं. एकाने सुचवलं होतं, दुसऱ्याने मान डोलावली होती, तिसऱ्याला आधीच फोन करून तयार केलं होतं, आणि बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं होतं. तिथल्या ऑफिसांत अशीच रीत आहे म्हणे. बैठकीआधीच सगळ्यांना विचारून घ्यायचं, म्हणजे बैठकीत भांडण नको. यंत्राच्या बाबतीत उत्तम रीत असेल. पण इथे एक माणूस पुसला गेला होता आणि पुसणारा हात कुणाचाच नव्हता.

"लेखकाला विचारलंत?" मी म्हटलं.

"काकू, ते तर आता..."

"मी आहे ना अजून."

अजय तेव्हा बोलला. "आई, जपानी पाहुणे येणार आहेत. आपण यांच्या देशात. याच भागावर बॉम्ब पडून सगळं जळलं होतं. इथे युद्धावर हसायचं? आणि ताटाचं त्यांना काय कळणार?"

"त्यांना विचारलंत का?"

"असं विचारत नाहीत इथे."

परतीच्या गाडीत मला भांडायचं होतं, पण जपानी गाडीत भांडता येत नाही. डबा भरलेला आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी ओठ मिटून राग मांडीवर घेऊन बसले, स्टेशनामागून स्टेशनं. अजय समोरच्या जाहिराती वाचत उभा होता. घराचं दार लागल्याबरोबर मी सुरू केलं.

"तुला माहीत होतं."

"आई, बाबा असते तर हसले असते."

"हसले असते. हसून झाल्यावर नाटक परत मागून घेतलं असतं. त्यांचं नाव पोस्टरवरून काढ."

"पोस्टर लागलीत सगळीकडे."

"मग मी येणार नाही. पुढच्या रविवारी तुम्ही नाचा. मी घरी झाकणं धुते."

तो म्हणाला, "तू सगळं इतकं मनाला लावून का घेतेस?" पन्नाशीकडे आलेला माझा मुलगा, ज्याचं नाव विनायकच्या आठवणीने ठेवणार होतो आणि आजोबांनी मोडता घातला, की मुलावर ओझं नको. त्या रात्री मला वाटलं, घालायला हवं होतं ओझं.

मोरिता-सान यांच्या घरी

दोन दिवसांनी मानसीमामीच्या जपानी शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं आधीच ठरलं होतं. मोरिता-सान. निवृत्त शिक्षिका, माझ्याहून मोठ्या, पाठ ताठ, केसांना हलकी जांभळी छटा, आणि बोलणं असं की मानसीमामी भाषांतर करता करता लाजत होती. दारातच मला निरखून मानसीमामीला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई रागावल्यात. राग माझ्यावर नसेल तर आत या."

मी मासे खात नाही म्हणून त्यांनी सूप समुद्रातल्या वनस्पतीच्या पाण्यात केलं होतं. एरवी त्यांच्याकडे सगळ्याच्या मुळाशी मासळी. बरोबर भाजलेलं रताळं, मुळ्याचं लोणचं, आणि भाजक्या वासाचा चहा. रताळं आपल्या रताळ्यापेक्षा गोड. मुळा आपल्यापेक्षा सौम्य. मी दोनदा घेतला.

त्यांनी रविवारच्या नाटकाचं विचारलं. मानसीमामी सांगू लागली, चक्रीवादळ येतं, लाईट जाते...

"मानसी," मी म्हटलं, "खरं सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सांगितलं. काळे कागद, शिट्टी, मेणबत्ती, हेल्मेट. हेल्मेटला मोरिता-सान हसल्या. मग ताट आलं. मानसीमामी अडखळत शब्द शोधत होती, दूर गेलेल्या मुलासाठी घरात वाढलेलं जेवण कसं सांगायचं. मोरिता-सान यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि एकच शब्द म्हणाल्या. कागेझेन.

त्यांच्याकडे त्याला नाव आहे, मुलांनो. घरचा माणूस प्रवासाला किंवा लढाईला गेला की त्याच्या नावाने जेवण मांडायचं. मोरिता-सान यांचे वडील युद्धावर होते. कोतोतलं घर जळून गेलं होतं. आई या मुलीला घेऊन सेंदाईकडे नातेवाइकांच्या आश्रयाला. तिथे रोज वडिलांचं ताट. त्यांच्यात असं मानतात की झाकण काढल्यावर झाकणाला आतून वाफेचे थेंब असले तर माणूस सुखरूप आहे.

"मग रोज थेंब असायचे?" मी विचारलं.

मोरिता-सान खळखळून हसल्या. "असणारच! आई सूप कढत कढत वाढायची आणि झाकण घट्ट दाबायची. आजी ओरडायची, अगं, ही फसवणूक आहे! आई म्हणायची, देवाला चुलीतलं काय कळतंय."

"आणि वडील?"

"आले की. हडकुळे होऊन आले. पहिला घास घेतला आणि म्हणाले, सूप फार गरम आहे."

आम्ही तिघी हसलो, आणि हसता हसता मला त्यांचा राग आला. त्यांचे आले. माझ्या आईची वाटीही रोज गरम होती. मी बाईंकडे पाहिलं नाही. रताळ्याची साल काढत बसले.  त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

परत येताना आम्ही कालव्याच्या कडेने चालत होतो. मानसीमामी म्हणाली, "आई, किती दिवस त्यांच्याकडे शिकतेय मी. मला हे ठाऊकच नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी."

"कुणीच विचारलं नाही, हेच तर मी म्हणतेय."

"तुम्ही आता अजयशी बोलू नका. निखिलशीही नका. तुम्ही बोललात की ते कान बंद करतात. मी बघते."

शुक्रवारच्या शेवटच्या तालमीला तिने "गेली लाईट" हे वाक्य म्हटलंच नाही. पिशवीतून ताट काढलं, जमिनीवर मांडलं, आणि म्हणाली, "दादाचं पान वाढून झालं, आई."

निखिल म्हणाला, "हे काय?"

"रिक्वायरमेंट बदलली."

"मानसी, अगं, परवा शो आहे!"

"मूळ नाटक काल तुला पाठवलंय. वाचलंस?"

त्याने वाचलं होतं. तोंडावरून कळत होतं. तरी तो घड्याळाचंच बोलत राहिला. मुलांचे नाच काढता येत नाहीत, आयांना काय सांगणार? आभार काढता येत नाहीत. हॉल साडेपाचला रिकामा करावाच लागतो. शेवटी म्हणाला, "मोबाईलचे विनोद काढतो. आणि नाच. पण आईचं काम कोण करणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी नट नाही. मानसीमामी म्हणाली, "अंधारच आहे, आई. नुसता आवाज हवाय."

"थँक्यू काकू, तुमच्या इनपुटबद्दल," निखिल म्हणाला. मी त्याला तिथेच एक ठेवून देणार होते.

रविवार

सकाळी मी आमटी केली, उकळती, आणि थर्मासमध्ये भरली. अजय दारात उभा राहून पाहत होता. "आई, वाटीत काय आहे ते कुणाला दिसणार आहे?" असं म्हणाला, आणि थर्मास उचलून गाडीपर्यंत त्यानेच नेला. माफी वगैरे मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. मानसीमामीने कोपऱ्यावरच्या दुकानातून झाकणाची एक वाटी आणली होती, काळी, प्लास्टिकची. मी म्हटलं, आपल्यात ताटातल्या वाटीला झाकण नसतं. ती म्हणाली, "असू दे."

सभागृहात पूर्ण अंधार करायला परवानगी नव्हती. बाहेर पडायच्या दारावरची, पळणाऱ्या हिरव्या माणसाची पाटी सतत पेटलेली ठेवावी लागते, नियम. मी त्यावरही चिडून घेतलं होतं. पण निखिल हेल्मेट घालून शिट्टी फुंकत आला, "तिसरा मजला! दिवा!" म्हणून ओरडला, आणि अख्खं सभागृह वळून त्या हिरव्या माणसाकडे बघून हसलं. आजोबांना हे सुचलं नसतं. आवडलं मात्र नक्की असतं.

मी पडद्याआड विंगेत उभी. पहिल्या रांगेत मोरिता-सान. भांडण रंगलं, लोक हसत होते. "जेवलास का रे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच माझ्या आईसारखा वाटला. निखिल चाचपडत निघाला, पाटाला अडखळला, भलत्या ताटावर बसला, भाताचा मोठा घास घेतला. हशा. मानसीमामी किंचाळली, "ते दादाचं ताट आहे!"

आणि मी म्हटलं, "जेवू दे त्याला. गरम आहे तोवर कुणीतरी जेवलं पाहिजे."

यानंतर निखिलने लगेच ठसका लागल्याचा विनोद करायचा, असं ठरलं होतं. त्याने केला नाही. हात ताटावरून मागे घेतला आणि तसाच बसून राहिला. झाकलेल्या वाटीला शिवलासुद्धा नाही. सभागृहात कुठेतरी एका मुलाने जपानीत काहीतरी विचारलं; नाटक संपलं का, असं ते होतं, हे मला मागाहून कळलं.  मग मानसीमामीने पुढचं वाक्य घेतलं, आणि थोड्या वेळाने लोक पुन्हा हसू लागले. पण ते थांबले होते, मुलांनो. सगळे थांबले होते.

नाटक संपलं, मुलांचे नाच झाले, आभार झाले, आणि आभार संपतात न संपतात तोच खुर्च्या मिटायला सुरुवात झाली. कुणी झाडतंय, कुणी पताका काढतंय. ताट तसंच रंगमंचाच्या कडेला राहिलं होतं. मोरिता-सान बूट काढून वर आल्या, ताटापाशी गुडघे टेकून बसल्या, आणि मला खुणेने बोलावलं. वाटीचं झाकण उचलून त्यांनी ते उलटं माझ्यासमोर धरलं. आतून थेंबच थेंब.

"कढत केली होतीत," मानसीमामीने भाषांतर केलं.

मी मान डोलावली. त्या गालात हसल्या.

निखिल मिटलेली खुर्ची काखेत घेऊन धावत आला. "काकू, सॉरी, हॉल रिकामा करून द्यायचाय, हॉलचे लोक दारात उभे आहेत."

"निखिल, दुपारपासून त्या एका घासाखेरीज काही खाल्लंस?"

"नाही, पण..."

"मग बस."

तो दाराकडे बघत राहिला. मग काखेतली खुर्ची उघडली आणि बसला. मी त्याच्यावर चिडलेलीच होते, आजही आहे. चिडूनच वाटी त्याच्या हातात दिली.